फर्जी अदालतीत सुटलेला माणूस

वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला हैदराबादच्या आमच्या कॉलेजात फर्जी अदालत भरायची. उस्ताद एक खटला बनवून द्यायचे. दोन विद्यार्थ्यांनी सरकारची बाजू घ्यायची, दोघांनी मुलजिमाची, म्हणजे आरोपीची. मोठ्या दालनात टेबलं मांडली जात, उंच खुर्चीवर एखादे निवृत्त न्यायाधीश बसत आणि खऱ्या कोर्टासारखी बहस होई. शहरातले नावाजलेले वकील ती ऐकायला येत, आणि पुढे कोणाला कोणाच्या हाताखाली जागा मिळणार हे बरंचसं तिथंच ठरे. म्हणून आमच्या सगळ्यांचा जीव त्या एका दिवसात अडकलेला असे.

ही निजामाच्या राज्यातली गोष्ट. मोठं युद्ध संपून वर्ष होत आलं होतं. मी हुमनाबादचा. वडलांचं भुसाराचं दुकान होतं. घरात मराठी, दुकानात कानडी आणि शाळेत उर्दू, अशा तीन भाषा मला लहानपणीच आल्या होत्या. माझा जोडीदार औराद तालुक्यातल्या संतपूरचा, लिंगायत शेतकऱ्याच्या घरातला. उंच, हडकुळा, शेरवानीत नेहमी अवघडलेला. त्याची बुद्धी आमच्या वर्गात सगळ्यांत तेज होती, पण उर्दू बोलताना गावाकडचा हेल जात नसे. घशातून काढायचे उच्चार त्याला जमत नसत. तो उभा राहिला की मागच्या बाकांवरून कोणीतरी हळूच त्याच्यासारखं बोलून दाखवी आणि हशा पिकायचा. समोरच्या पक्षाला दिलेली दोन मुलं शहरातल्या जुन्या घराण्यातली होती. त्यांचं उर्दू ऐकत राहावं असं होतं.

आमचे उस्ताद म्हातारे गृहस्थ होते, जिल्ह्यांच्या कोर्टांतून तीसेक वर्षं वकिली करून शिकवायला आलेले. त्यांनी आम्हाला खटल्याची मिसल, म्हणजे सगळे कागद, दिली. त्यात नावं नव्हती, गावाचं नाव नव्हतं. दोन भाऊ, एकच घर. रानाच्या वाटणीवरून दोघांत बोलाचाली झालेली. थोड्या दिवसांनी दिवेलागणीच्या सुमाराला धाकटा खळ्यावर डोक्यात कुऱ्हाडीचा घाव बसून पडलेला सापडला. गावचा पोलीस पाटील आधी पोचला. त्याच्यापाशी मरणारा काही बोलला आणि गेला. तेवढ्यावरून थोरल्या भावाला जन्मठेप झाली. आम्ही अपिलात थोरल्याच्या बाजूनं बोलायचं होतं.

मी कायद्याची पुस्तकं घेऊन बसलो. मरणाऱ्याचा जबाब कधी ग्राह्य, कधी नाही, त्यावरचे निवाडे उतरवायला लागलो. तो मात्र मिसलीची तीच ती पानं पुन्हा पुन्हा वाचत राहिला. एका सकाळी कॉलेजच्या पायऱ्यांवर बसलेलो असताना त्यानं दोन कागद माझ्या मांडीवर ठेवले.

"हे पोलिसांच्या अमिनानं गावात लिहून घेतलेलं. वाच."

मी वाचलं. पाटलानं सांगितलं होतं की मरणारा 'अन्ना, अन्ना' असं बोलला. उर्दूत ण नाही, म्हणून ते तसं लिहिलेलं.

"आता हे कोर्टातलं."

कोर्टात पाटलाची जबानी उर्दूत उतरवलेली होती. त्यात लिहिलं होतं, मरणाऱ्यानं सांगितलं की मला माझ्या मोठ्या भावानं मारलं.

"मी माझ्या बापाला काय म्हणतो?" त्यानं विचारलं.

"अण्णा."

"आणि खानावळीतल्या वाढप्याला?"

"अण्णा."

"आमच्या दारावरनं अनोळखी म्हातारा गेला तरी आमी त्याला अण्णाच म्हणतो. पाटील गावच्या बोलीत बोलला आसंल. कोर्टात कारकुनानं त्याचं बडा भाई केलं. आन् 'मारलं' हे कुठनं आलं? पहिल्या कागदात तर मारलं हा शब्दच न्हाई." त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "हा खटला आपल्याकडचा हाय रे. बनवलेला न्हाई हा."

आम्ही उस्तादांकडे गेलो. आमचा मुद्दा त्यांना सांगता येत नव्हता, कारण बहशीआधी कुठल्याच बाजूनं त्यांच्याशी बोलायचं नाही असा नियम होता. आम्ही एवढंच विचारलं की खटला खरा आहे का. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, खरा आहे. मुलजिमाचा वकील मीच होतो. हरलो; अपिलही फेटाळलं गेलं. तो माणूस गुलबर्ग्याच्या तुरुंगात आहे. गावाचं नावही त्यांनी सांगितलं. "मगर बरखुरदार," ते म्हणाले, "अदालत में वही बोलना जो मिसल में है."

तरी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही त्या गावी गेलोच. बिदरजवळच्या कमठाण्यावरून पुढे जावं लागे. मिसलीतली माणसं एकदा डोळ्यांनी बघावीत, एवढंच मनात होतं. घर सापडायला वेळ लागला नाही. दारात दोन बायका भुईमुगाच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. एक चाळिशीची, कपाळावर ठसठशीत कुंकू. दुसरी तिच्याहून बरीच लहान, कपाळ मोकळं. तुरुंगात गेलेल्याची बायको आणि मेलेल्याची बायको, दोघी जावा, एकाच सुपातल्या शेंगा निवडत होत्या.

आम्ही कोण ते सांगितलं. खटला शिकण्यासाठी आहे, कोर्ट खोटं आहे, त्यानं कोणी सुटत नाही की अडकत नाही, हे माझ्या जोडीदारानं मराठीत सांगितलं, मग कानडीत सांगितलं. थोरली मान हलवत राहिली. धाकटीनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"खोट्या कोर्टाला आमचं खरं कामून पायजे?"

माझा जोडीदार तिच्यासमोर जमिनीवर बसला. तेव्हा तिनंच बोलायला सुरुवात केली.

"मी तिथंच व्हते. पाटलाच्या मागोमाग पळत गेलते. त्यांचं डोस्कं मी मांडीवर घेतलं. त्यांनी अण्णा, अण्णा म्हणून हाक मारली. भावाला बलवायले होते ते. लहानपणापासून कायबी झालं, पाय मुरगळला, बैल उधळला, की पयली हाक तीच. मला कुणी इचारलंच न्हाई. पाटलाला इचारलं. अमिनाला इचारलं."

"तुम्ही कोर्टात सांगितलं नाही?"

"मला कोर्टात कोण नेतंय? माझा नवरा मेलाय, मी रडायची. बाईनं तेवढंच करायचं म्हणले."

थोरलीनं हात पदराला पुसले. ती उठली आणि आमच्यासाठी ताक घेऊन आली. माझ्या जोडीदाराला पेला देताना म्हणाली, "चांगलं बोल रं बाबा. खोटं कोर्ट आसलं तरी चांगलं बोल."

परतीच्या वाटेवर त्यानं मिसल काढून पुन्हा वाचली. शहरात आल्यावर रोज पहाटे उठून नदीकाठी जायचा आणि मोठ्यानं उर्दू वाचायचा. मी त्याच्या समोर उभा राहून न्यायाधीश व्हायचो आणि त्याला मध्येच अडवायचो. चुकला की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. एकदा आवाज पार बसला, तेव्हा खानावळवाल्यानं त्याला हळदीचं दूध करून दिलं.

फर्जी अदालत थंडीत भरली. दालन भरून गेलं होतं. त्या गावचा एक माणूस शहरातल्या कापडाच्या गिरणीत कामाला होता. गावाकडून त्याला आमच्याबद्दल कळलं होतं. तो धुतलेला सदरा घालून आला आणि सगळ्यांत मागे भिंतीला टेकून बसला.

समोरच्या मुलांनी सुरेख बहस केली. मरताना माणूस खोटं बोलत नाही, हे त्यांनी इतक्या परींनी सांगितलं की मलाही ते पटायला लागलं. मग मी उभा राहिलो, निवाडे सांगितले, माझं काम नीट झालं. शेवटी तो उठला. पहिल्या वाक्यालाच त्याचा उच्चार घसरला आणि मागून हसण्याचा आवाज आला. त्यानं डोळे मिटले, उघडले आणि पुढे बोलू लागला.

त्यानं दोन्ही कागद वाचून दाखवले. मग म्हणाला, हुजूर, ज्या मुलखातला हा खटला आहे तिथं अण्णा हा एकच शब्द बाप, भाऊ, शेजारी आणि रस्त्यावरचा म्हातारा या सगळ्यांना वापरतात. मी त्याच मुलखातला आहे. अमिनानं शब्द जसा ऐकला तसा लिहिला. कोर्टात त्या शब्दाचा उर्दूत तर्जुमा झाला आणि तर्जुमा करताना त्यात एक खून भरला गेला. हुजूर, मरणाऱ्या माणसानं कोणाचं नाव सांगितलेलं नाही. त्यानं हाक मारली आहे. घाव घालणाऱ्याला कोणी हाक मारत नाही. आपल्याला वाचवायला यावं असं ज्याच्याविषयी वाटतं, त्याला हाक मारतात.

न्यायाधीशांनी विचारलं, "याला मिसलीत आधार काय?"

"हुजूर, पहिला कागदच आधार आहे. त्यात मारल्याचा शब्द नाही. पाटलाला तो नंतर आठवला असं सरकारला म्हणायचं असेल, तर कधी आणि कसा आठवला, हे सरकारनं त्याला विचारायला हवं होतं. विचारलेलं नाही."

न्यायाधीशांनी बराच वेळ कागद चाळले. मग उभं राहून फैसला सांगितला. मुलजिम बरी किया जाता है, म्हणजे निर्दोष सुटला. टाळ्या वाजल्या. ज्यांनी त्याच्यासारखं बोलून दाखवलं होतं त्यांतल्या एकानं पुढे येऊन त्याला मिठी मारली. मागे भिंतीला टेकून बसलेला गिरणीतला माणूस कधी उठून गेला, ते आमच्या लक्षात आलं नाही.

उस्ताद मात्र उठले नव्हते. दालन रिकामं झाल्यावर आम्ही त्यांच्याजवळ गेलो. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. त्यांना तसं उघड्या डोक्यानं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी हळू आवाजात सांगितलं की मला तुमची बोली येत नाही. कारकून सांगेल ते मी खरं मानलं. पहिला कागद माझ्याही हातात होता. मला वाटलं, अन्ना हे कोणाचं तरी नाव असेल. "बेटा," ते माझ्या जोडीदाराला म्हणाले, "तू उस वक्त कहाँ था?"

त्यावर तो रडायला लागला. तो जिंकला होता आणि त्या खोट्या कोर्टाच्या खुर्च्या शिपाई एकावर एक रचत असताना तो शेरवानीच्या बाहीनं डोळे पुसत होता.

दुसऱ्याच दिवशी उस्तादांनी दयेचा अर्ज लिहायला घेतला. आम्ही त्याच्या नकला केल्या. त्यांना सरकारदरबारी ओळखणारे लोक होते, तेव्हा काहीतरी होईल असं वाटत होतं. आठवड्यानं सुट्टी लागली आणि मी हुमनाबादला घरी आलो.

आमच्याकडे थंडीत येळवस येते. त्या अमावस्येला सगळं घर रानात जातं, कडब्याची खोप करतात, तिथंच पूजा करून भज्जी, उंडे आणि आंबील असं जेवण होतं. त्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांतली गोष्ट. वडलांच्या दुकानासमोरच बिदरहून गुलबर्ग्याला जाणारी मोटार थांबायची. मी दुकानात बसलो होतो. मोटारीतून एक बाई उतरली, डोक्यावर गाठोडं. इकडेतिकडे बघत सरळ माझ्याकडे आली आणि माझे दोन्ही हात धरले. भुईमुगाच्या शेंगा निवडणारी थोरली ती.

"दादा, तुमचं लई चांगलं व्हईल. तुमच्या दोस्ताचं बी."

"अक्का, तुम्ही इकडं कुठं?"

"त्यास्नी आणायला जायलेय. गिरणीतल्या पोरानं निरोप धाडला. मोठ्या जजसायबानं सोडलं म्हणून. बरी केलं म्हणले." तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, इतका तो फुलला होता. "येळवसला रानात नेते त्यास्नी. नवं धोतर घेतलंय."

मी तिला खाली बसवलं. पाणी दिलं. मग सांगितलं की ते कोर्ट खोटं होतं. तुम्हाला दारात सांगितलं होतं ना, तेच कोर्ट. तिनं नीट ऐकून घेतलं.

"व्हय, सांगितलं व्हतं की. पर जज खरे व्हते न्हवं?"

"होते. पण आता कोर्टात बसत नाहीत."

"मोठे मोठे वकील आलते म्हणे."

"आले होते."

"मग?" ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या माणसांदेखत जज सोडलं म्हणले. जजास्नी ठावं हाय, आमच्या ह्यांनी केलं न्हाई. मग कसं ठिवतील?"

मी पुन्हा सांगितलं. माझी आई आतून आली, तिनंही समजावलं. ती फक्त मोटारीकडे बघत होती. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला तशी ती गाठोडं उचलून उठली. मी चपला घातल्या आणि तिच्याबरोबर मोटारीत चढलो.

वाटभर ती बोलत होती. त्यांना उंडे किती आवडतात, बैल कसा ओळखील, जाऊबाईनं घर कसं सारवून घेतलंय. मी खिडकीतून बाहेर पाहत राहिलो. ज्वारी पोटऱ्यात आली होती.

तुरुंगाच्या दारावर मी पुढे होऊन पहाऱ्यावरच्या जमादाराला सगळं सांगितलं. तो आधी मोठ्यानं हसला. मग माझ्या मागं उभी असलेली बाई त्याला दिसली आणि त्याचं हसू आटलं. भेटीचा दिवस नव्हता, तरी त्यानं आम्हाला आत घेतलं. गजांच्या पलीकडे तिच्या नवऱ्याला आणलं. रुंद खांद्यांचा, पण वाळलेला माणूस. तुरुंगात विणायच्या सतरंज्यांच्या सुताचे धागे त्याच्या सदऱ्याला चिकटले होते. जमादारानं त्याला वाटेत सांगितलं असावं, कारण तो आला तो माझ्याकडे बघत.

"चला," ती म्हणाली. "मी आलेय न्यायला."

तो तिच्याकडे बघत राहिला.

"कागद यायचाय अजून," तो म्हणाला.

"कसला कागद?"

"सरकारी काम हाय. हैदराबादेतनं कागद निघतो, चार ठिकाणी सही व्हती, मग हितं येतो. तवर सोडत न्हाईत." त्याचा आवाज अगदी साधा होता. "तू जा. येळवस तुमी दोघी करा अवंदा. बैलाच्या शिंगाला तेल लाव."

"किती दिस लागतेत?"

"येईल की."

मी इतकं सांगूनही तिचा विश्वास बसला नव्हता. त्याच्यावर मात्र लगेच बसला. तिनं मान हलवली, गाठोडं सोडलं. आत काय न्यायचं, काय नाही, ते दाखवायला जमादारानं तिला दाराकडे नेलं. तेवढ्यात तो गजांना धरून माझ्याजवळ वाकला.

"तिथं काय बोलले, ते सांगा मला."

मी सांगितलं. जोडीदारानं उर्दूत केलेली बहस मी मराठीत, जशी आठवली तशी, त्या गजांपाशी पुन्हा केली. पहिला कागद, दुसरा कागद, कारकुनाचा तर्जुमा. घाव घालणाऱ्याला कोणी हाक मारत नाही, इथपर्यंत आलो तेव्हा त्यानं हात वर केला.

"हे सगळ्यांदेखत बोलला?"

"हो."

"आन् जजसाब काय म्हणले?"

"मुलजिम बरी, असं म्हणाले."

त्यानं दोनदा तोंडातल्या तोंडात तो शब्द म्हणून पाहिला. मग कपाळ गजावर टेकलं.

"त्यानं हाक मारली तवा मी हिरीवर व्हतो," तो म्हणाला. "मोट चालू व्हती. मोटंच्या आवाजात मला ऐकू आलं न्हाई. कोर्टात हेच सांगायलो होतो मी, पर त्यास्नी वाटलं, आपला बचाव करायलाय. मला बचाव नव्हता करायचा. त्यानं बलवलं आन् मी गेलो न्हाई, एवढंच सांगायचं व्हतं."

ती परत आली तेव्हा तो ताठ उभा राहिला. तिनं दिलेला उंडा त्यानं तिच्यासमोर खाल्ला. निघताना मला म्हणाला, "हिला काय सांगू नका. कागद येणार हाय."

मी सांगितलं नाही. शहरात परतल्यावर जोडीदाराला सगळं सांगितलं तेव्हा त्यानं जेवणाचं ताट बाजूला सारलं. "म्हंजे आता तो कागद आणलाच पायजे," तो म्हणाला. त्यानंतर अभ्यासातलं त्याचं लक्ष उडालं. उस्तादांनी अर्ज दाखल केला. कैद्याचा अंगठा हवा म्हणून तो परत आला. अंगठा घेऊन आम्ही पुन्हा पाठवला. मग एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेला, असं कळत राहिलं. उस्ताद काठी टेकत त्या कचेऱ्यांच्या जिन्यांवर चढायचे, बाकावर बसून राहायचे. माझा जोडीदार त्यांच्याबरोबर असायचा.

पुढच्या वर्षी सगळंच बिघडलं. देश स्वतंत्र झाला, आमचं संस्थान मात्र अडून बसलं. कॉलेज कधी चालू, कधी बंद. वकिलांनी कोर्टात जाणं सोडलं. गावोगाव दहशत, कोणी सरहद्दीपलीकडे पळालेलं, कोणी घरातच कोंडून घेतलेलं. कचेरीत ज्या माणसानं अर्ज पुढे सरकवायचं कबूल केलं होतं तो खुर्चीवर दिसेना, त्याच्या जागी आलेल्याला अर्ज सापडेना. उस्तादांनी नवा लिहिला.

तो लिहून होईतो पुढचा पावसाळा लागला. त्या पावसाळ्यात तुरुंगात तापाची साथ आली आणि त्यात तो माणूस गेला.

गावच्या पाटलाकडे निरोप आला. हाच तो पोलीस पाटील. त्यानं दारात जाऊन सांगितलं आणि तिथंच खाली बसला, असं मला नंतर धाकटीनं सांगितलं. मोटारी बंद होत्या. दोघी जावा बैलगाडीनं हुमनाबादला आल्या. मी घरीच होतो. वडील नको म्हणत होते, वाटा चांगल्या नव्हत्या, पण आईनं मला जाऊ दिलं. चिखलातून गाडी गुलबर्ग्याला पोचली तोवर त्याला अग्नी देऊन झाला होता. साथीच्या दिवसांत प्रेत ठेवत नसत.

जमादार तोच होता. तो काही बोलायच्या आत थोरलीनं विचारलं, "कागद आला व्हता का?"

जमादारानं माझ्याकडे पाहिलं.

"नाही आला, अक्का," मी म्हणालो.

"आता आला तर कुणाला देतेत?"

धाकटीनं तिला जवळ ओढून घेतलं. त्या दोघी तुरुंगाच्या भिंतीपाशी बसल्या. थोरली रडली नाही, धाकटीच दोघींचं रडली. नदीकाठी जिथं अग्नी दिला होता ती जागा जमादारानं दाखवली. पावसानं तिथं काही राहिलं नव्हतं. थोरलीनं ओली माती उचलून पदरात बांधली आणि आम्ही गाडीत बसलो.

मी संतपूरला जाऊन जोडीदाराला सांगितलं. तो तुरीत कोळपणी करत होता. कोळपं तसंच धरून त्यानं ऐकलं. "बरं," एवढंच म्हणाला आणि बैलांना हाक दिली. तुरीच्या त्या ओळीच्या शेवटापर्यंत जाऊन तो तिथंच पाठमोरा उभा राहिला. मी बांधावर वाट बघत बसलो. शेवटी त्याचे वडील येऊन मला घरी घेऊन गेले.

काही महिन्यांनी राज्य बदललं. कॉलेज उघडलं, मी परीक्षा दिली. तो आला नाही. उस्तादांनी त्याला बोलावणं पाठवलं, मी स्वतः जाऊन विनवलं. शेती कोण बघेल, असं म्हणाला. त्यानं पुढे आयुष्यभर शेतीच केली, चांगली केली. गावातले तंटे घेऊन लोक त्याच्याकडे जायचे, तो त्यांना माझ्याकडे पाठवायचा. आम्ही भेटायचो, पावसाचं बोलायचो, मुलांच्या लग्नांचं बोलायचो. त्या बहशीचा विषय त्यानं कधी काढला नाही. उस्ताद मुलाकडे राहायला लांब निघून गेले आणि तिकडेच वारले. एवढंच कळलं.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी, बिदरला, वकिली सुरू केली. काही वर्षांनी त्या दोघी जावा माझ्याकडे आल्या. रान दोघींच्या नावावर करून घ्यायचं होतं, वाटणी नको होती, एकत्रच. मी कागद करून दिले. काम झाल्यावर थोरली घुटमळली.

"दादा, आतलं कोर्ट दावता का? त्यांच्या खटल्याच्या वक्ताला मी भाएर लिंबाखाली बसलेली असायचे. आत कुणी सोडलं न्हाई."

जेवणाची सुट्टी होती, खोली रिकामी होती. मी त्यांना आत नेलं. थोरलीनं खुर्चीकडे पाहिलं, टेबलांकडे पाहिलं.

"ते कुठं उभे व्हते?"

त्या खटल्याला मी नव्हतो. तो याच खोलीत चालला की शेजारच्या, मला ठाऊक नव्हतं. मी आरोपीच्या लाकडी पिंजऱ्याकडे बोट दाखवलं.

"इथं," मी म्हणालो.

ती तिथं गेली. कठड्यावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. मग बाहेर पट्टेवाल्याचा आवाज आला, माणसं परत यायला लागली. धाकटीनं तिचा हात धरला आणि मोटार चुकेल म्हणून दोघी लगबगीनं निघाल्या.